पुढे की बुडे

आवणी महिन्यात, बुधवारी, सकाळी साडेनऊला तू गेलीस. तुझ्या लेकीचा, नंदिनीचा फोन आला. मी चपला घातल्या, छत्री घेतली आणि मेलकावेरीला चालत आलो. छत्री तुझ्या घरी राहिली.

वाध्यारांनी मला तीन दिवसांचं सुतक सांगितलं. "दिलेली बहीण. तेवढंच असतं," म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, कॉफी घेतली, पेपर उघडला आणि खेळाच्या पानातली बातमी तुझ्यासाठी कापायला कात्री शोधू लागलो. कात्री हातात आल्यावर मग बसलो.

अक्का, हे मी तुला बाळबोध अक्षरांत लिहितो आहे. म्हणजे तुला वाचता येत नाहीत अशा अक्षरांत. पण मला मराठी दुसऱ्या अक्षरांत लिहिता येत नाही, आणि तुला मराठीखेरीज दुसऱ्या भाषेत काही सांगितल्याचं मला आठवत नाही. बाहेर आपण तमिळ. उंबऱ्याच्या आत आलं की तुझी ती जुनी, कानाला गोड, पुण्याच्या माणसांना हसू आणणारी मराठी. 'सगळी' म्हणायचं तिथे तू 'असकी' म्हणायचीस. "असकी कामं झाली, आता मॅच लाव."

लिहायला मात्र अप्पांनी मला एकट्याला शिकवलं. झोपाळ्यावर ते, खाली पाटी घेऊन मी, आणि स्वयंपाकघराच्या दारात सूप हातात घेतलेली तू. 'ढ' काढताना माझा हात नेहमी चुकायचा. "ढ म्हणजे तूच," अप्पा म्हणायचे, आणि तू सुपातल्या तांदळाकडे बघत हसायचीस. तुला ते शिकवावं असं त्यांना वाटलं नाही. मोठा झाल्यावर मलाही वाटलं नाही. तू तमिळ शाळेत गेलीस, गणितात पहिली आलीस, तिरुविडैमरुदूरच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झालीस, आणि मराठी लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरांत लिहू लागलीस.

आता तमिळमध्ये प, फ, ब आणि भ या चौघांना मिळून एकच अक्षर. क, ख, ग, घ यांचंही तसंच. ट आणि ड, ठ आणि ढ, तेही एकाच घरात. तमिळ वाचणाऱ्याला त्याचं काही अडत नाही. पण त्या अक्षरांत मराठी कोंबली की गंमत होते. मी कॉलेजात असताना तू पाठवलेल्या पत्रांवर माझं नाव रघू आहे की रकू, हे माझ्या खोलीतल्या मुलाला शेवटपर्यंत कळलं नाही. तू किराणाच्या यादीत 'दही' लिहायचीस आणि मी मुद्दाम विचारायचो, "हे 'तही' काय असतं, अक्का?" तू म्हणायचीस, "ज्याला जेवायचंय त्याला बरोबर वाचता येतं."

फुटबॉल तुझ्या आयुष्यात शाळेच्या हेडमिस्ट्रेसबाईंनी आणला. पीटीच्या बाई बदलून गेल्या, त्यांच्या जागी कोणी येईना, तेव्हा त्यांनी एक शिट्टी गणिताच्या टीचरच्या हातात ठेवली. "टीम आहे, टीचर. आठवड्यातून दोनदा फक्त उभ्या राहा." तू उभी राहिली नाहीस. निऱ्या वर खोचून, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून तू मैदानभर पळालीस. सकाळच्या गाडीत कुंभकोणम ते तिरुविडैमरुदूर तू नियमांचं पुस्तक वाचायचीस, आणि ऑफसाइड मला समजावताना तू आपल्या जेवणाच्या ताटावर वांगी, पापड आणि लोणच्याची फोड मांडलीस. अप्पांचं श्राद्ध होतं त्या दिवशी. वाध्यार समोर बसले होते.

निवृत्त झालीस, भावजी गेले, नंदिनी बँकेत लागून त्रिचीला गेली, आणि चेन्नईला व्यावसायिक संघ आला. ज्या वयात लोक तीर्थयात्रेची तिकिटं काढतात, त्या वयात तू निळी शाल विकत घेतलीस, कारण जर्सी घालणं तुला बरं दिसेना. तेव्हापासून ती वही.

तुझी वही साधी, शाळेची, दोनशे पानांची. दर हंगामाआधी एक पान. पानाला तीन रकाने: 'पाहिजे', 'होईल', 'चालेल'. 'पाहिजे'मध्ये तू वाटेल ते मागायचीस. करंडक, घरच्या मैदानावर एकही हार नको, आपल्या तमिळ पोरांपैकी निदान चारजण पहिल्या अकरात. 'होईल'मध्ये गणिताची टीचर बोलायची: परदेशी स्ट्रायकर चौतिशीचा आहे, डिसेंबरात त्याचा गुडघा बोलेल. आणि 'चालेल' हा तुझा खरा रकाना. 'हरले तरी चालेल, वेळ काढायला जमिनीवर लोळायचं नाही.' 'गोलीनं गोल खाल्ला तर चालेल, मग बॅककडे बघून हात नाचवायचे नाहीत.' 'कोचनं तमिळ नाही बोललं तर चालेल, हसावं.'

सगळ्यांत खाली, रेघ मारून, एका ओळीचा निकाल. दर वर्षी तोच.

ही वही सरस्वती पूजेला माझ्या घरी यायची. पूजा माझ्याकडे, कारण पुस्तकं माझ्याकडे. मी माझा शब्दकोश, पोथ्या, लायब्ररीतून निवृत्त होताना मिळालेलं पेन मांडायचो. तू येऊन आपली वही थेट शब्दकोशाच्या वर ठेवायचीस, तिला गंध लावायचीस. त्या दिवशी काही वाचायचं नाही, लिहायचं नाही. माझे हाल तुला ठाऊक होते. एकदा मी स्वयंपाकघरात हिंगाची डबी डोळ्यांजवळ धरून उभा होतो आणि तू मागून ओरडलीस, "रघू! डबी खाली ठेव! ते वाचणंच आहे!"

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. पुस्तकं उठवायची आणि प्रत्येकानं काहीतरी वाचायचं. मी एखादं स्तोत्र वाचायचो. तू हंगाम वाचायचीस. हरभऱ्याच्या सुंडलची वाटी मांडीवर घेऊन, चष्मा नाकावर ओढून, तिन्ही रकाने, आणि मग वही माझ्याकडे सरकवायचीस. "निकाल तू वाच."

पहिल्या वर्षी मी खरोखर अडलो होतो. तमिळ अक्षरं मला येतातच, पण वाचलं तर निघालं, "यंदा शंख बुडे."

"काय?"

"तू लिहिलंयस. शंख बुडे."

"शंख नव्हे रे, संघ! संघ पुढे!"

"मग असं लिही ना. शंख, संघ, संग, तिन्ही एकच दिसतात. पुढे आणि बुडेसुद्धा."

"बुडे कोण म्हणतं आता?"

"तूच म्हणतेस. आपल्या घरातच म्हणतात."

"वाचणाऱ्याच्या मनात असेल तसं दिसतं," तू म्हणालीस, आणि माझ्या वाटीतलं खोबरं काढून घेतलंस.

तेव्हापासून आपल्या संघाचं नाव घरात 'शंख' पडलं. हरला की मी फोन करून म्हणायचो, "शंख वाजला." आणि दर विजयादशमीला मी तो निकाल मोठ्यानं, गंभीर आवाजात 'बुडे' असाच वाचला. खरं सांगायचं तर बऱ्याच वर्षी माझंच वाचणं बरोबर निघालं. त्याचा मला आनंद व्हायचा. आज तो आनंद मला आठवतो, आणि तो कसला होता हे नीट कळत नाही.

आपलं भांडण त्यावरूनच होतं. मी म्हणायचो, अपेक्षा ठेवावी ती ओळखीच्या माणसाकडून. त्या पोरांना तू आहेस हेच ठाऊक नाही. मेलकावेरीत एक बाई शाल पांघरून त्यांच्या गुडघ्यांची काळजी करते, हे त्यांना कोण सांगणार? तू एकदा वैतागून म्हणालीस, "आडिपेरुक्कूला नदीवर जातोस ना? कावेरीला ठाऊक असतं का रघू आलाय म्हणून? आणि पाणी नसलेल्या वर्षी? त्या वर्षीसुद्धा गेलास. वाळूत खड्डा करून, घागरीतलं पाणी ओतून, हळद-कुंकू वाहिलं लोकांनी. तू चित्रान्न खाल्लंस."

"तो सण आहे, अक्का."

"मग हापण सणच."

याला उत्तर मी शोधत होतो. अजून मिळालं नाही. मिळालं असतं तरी ते मला नको होतं, असं आता वाटतं. भांडण चालू राहण्यातच सोय होती.

हंगामाआधी तू मला तिरुवलंचुळीला न्यायचीस, पांढऱ्या विनायकाला. तो समुद्राच्या फेसाचा, म्हणून त्याच्यावर पाणी घालत नाहीत, नुसती कापराची पूड भुरभुरतात. मी म्हणालो, "विरघळण्याची भीती असलेल्या देवाला कसला विजय मागतेस?" तू प्रदक्षिणा न थांबवता म्हणालीस, "बुडण्याची काळजी त्याच्याइतकी कोणाला असेल?"

आणि एकदाच आपण चेन्नईला गेलो. स्टेडियममध्ये पायऱ्या चढताना तू तीनदा थांबलीस आणि तिन्ही वेळा मी दमलो असं दाखवलंस. समोरच्या संघाच्या माणसानं आपल्या लेफ्ट बॅकचा शर्ट ओढला, पंचांनी पाहिलं नाही, आणि तू पिशवीतून शाळेची शिट्टी काढून वाजवलीस. मैदानावरचे दोन खेळाडू खरंच थांबले. पुढच्या रांगेतला तरुण मागे वळून म्हणाला, "पाट्टी, दया करा, आपल्याच माणसाला थांबवलंत." तू तमिळमध्ये म्हणालीस, "फाउल म्हणजे फाउल." त्यानं हात जोडले. हाफटाइमला त्यानं तुला चहा आणून दिला. हरलो. परतीच्या वाटेवर तू म्हणालीस, "लेफ्ट बॅक चांगला आहे. आईनं नीट वाढवलंय." त्या दिवसापासून तो लेफ्ट बॅक तुझा.

मग मागच्या उन्हाळ्यानंतर तुझं जेवण कमी झालं. त्रिचीला तपासण्या झाल्या. डॉक्टर नंदिनीशी आणि माझ्याशी बोलले, तुला बाहेर बाकावर बसवून. बसस्टँडवर तू विचारलंस, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "अशक्तपणा आहे. ताक पी." नंदिनी तिकिटं काढायला गेली ती बराच वेळ आली नाही.

त्याच आठवड्यात पेपरात आलं की लेफ्ट बॅक संघ सोडून दुसरीकडे गेला. मी ते पान काढून घेतलं आणि उरलेला पेपर तुला दिला. तू म्हणालीस, "आज खेळाचं पान नाही?" "नव्हतंच," मी म्हणालो. वर्तमानपत्राला खेळाचं पान नसलेला दिवस! लायब्ररीत उभा जन्म काढलेल्या माणसानं मारलेली थाप. तू घडी घालून पेपर बाजूला ठेवलास आणि ताक मागितलंस.

शेवटच्या रविवारी मी आलो तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस. "वेळापत्रक आलं?"

"नाही अजून. यंदा लांबलंय म्हणतात. काही नक्की नाही."

"येईल."

"तू फार अपेक्षा ठेवतेस, अक्का."

"वही नेशील ना पूजेला? मला जमेल न जमेल."

"तूच आणशील," मी म्हणालो.

आपलं शेवटचं बोलणं एवढंच. आणखी एक राहिलं, ते आधीचं आहे, पण तेच मला रोज आठवतं. दोन वर्षांपूर्वी असेल. पुण्याचे स्नेही मला मराठी कॅलेंडर पाठवतात. जास्तीचं एक मी तुला देतो आणि तू ते चित्रासाठी लावतेस. त्याच्याकडे बघत तू म्हणाली होतीस, "रघू, मला ती बाळबोध शिकव." मी हसून म्हणालो, "आता कशाला? तुझी असकी कामं तमिळमध्ये चालतात की." तू 'हं' म्हणालीस. मी विषय बदलला. सूप हातात घेऊन दारात उभी असलेली मुलगी मला त्या वेळी दिसली नाही.

यंदा नंदिनीकडे वर्षभर सण नाही. माझ्याकडे पूजा होती. ती आदल्या दिवशी वही घेऊन आली, तुझ्याच पिशवीतून. तिनं ती शब्दकोशावर ठेवली, मी गंध लावलं. रात्रभर ती तिथे होती. विजयादशमीला सकाळी नंदिनी माझ्यासमोर बसली. सुंडल तिनं केलं होतं, मीठ जास्त झालं होतं, दोघांनीही वाट्या संपवल्या.

"मामा," ती म्हणाली, "मी अजून उघडली नाही. अम्मानं हे पान त्रिचीहून आल्यावर लिहिलं. मी पाहिलं लिहिताना. शेवटची ओळ तुम्ही वाचा. पण यंदा थट्टा नको. आणि माझ्यासाठी म्हणून 'पुढे' असंही वाचू नका. जे असेल ते."

"नंदिनी, ते अक्षरच एक आहे. जे असेल ते मला कसं कळणार?"

"तिला ठाऊक होतं की नाही, एवढंच मला हवंय. आपण तिला सांगितलं नाही. तिला फसवलं का आपण, मामा?"

तिला काय हवं होतं ते मला कळलं. मलाही तेच हवं होतं. अक्का, इतकी वर्षं मी तुझ्या एका अक्षराशी खेळलो आणि आता त्या अक्षरापुढे मला हात जोडून बसावं लागलं.

मी पान उघडलं. 'पाहिजे'मध्ये करंडक होता. नेहमीसारखा. आपली चार पोरं होती. 'होईल'मध्ये नवा स्ट्रायकर: 'उंच आहे, वळायला वेळ लागेल.' त्याखाली: 'लेफ्ट बॅक गेला. रकू पान लपवतो. लपवू दे. त्याला बरं वाटतं.' त्याखाली आणखी एक ओळ: 'ताकानं जाणारं दुखणं नव्हे.'

नंदिनीनं तोंडावर पदर धरला. मी चष्मा पुसला.

'चालेल'मध्ये एकच गोष्ट होती. 'मी नसले तरी चालेल, विजयादशमीला वाचायचं.'

मग रेघ. रेघेखाली निकाल. 'यंदा' तमिळमध्ये होता. 'संघ' तमिळमध्ये होता. शंख म्हणा, संग म्हणा, तुझं ते नेहमीचं. पण तिसरा शब्द पाहून मी पान उजेडाकडे धरलं. तिसरा शब्द बाळबोधीत होता. मोठी, वाकडी, पहिलीतल्या मुलाची अक्षरं. डोक्यावरची रेघ पट्टीनं मारलेली.

नंदिनी पुढे वाकली. उत्तरेत बँकेच्या पोस्टिंगमुळे तिला ती अक्षरं येतात. "अय्यो," ती म्हणाली. "मामा, यासाठी होतं ते! आडी महिन्यात तिनं मला फोनवर विचारलं होतं. 'प कसा काढतात? आणि ब? आणि ड?' मी कागदावर लिहून फोटो पाठवला. कशाला म्हटलं तर म्हणाली, 'रघूचं तोंड बंद करायला.'"

पहिलं अक्षर प होतं. पोटात तिरकी रेघ नसलेला, स्वच्छ प. ब नव्हे. वहीच्या मागच्या पानावर, उलट्या बाजूनं, तू प आणि ब शेजारी शेजारी ओळीनं गिरवले होतेस, मुलींना शिक्षा म्हणून लिहायला द्यायचीस तसे.

दुसरं अक्षर ड होतं.

पुडे.

जसं बोलायचीस तसं लिहिलंस. तुझ्या जिभेवर ढ कधी आलाच नाही. तूच काय, आपल्या गल्लीत कोणाच्याच नव्हता. नंदिनीला तू विचारलंस ते आवाजानं, आणि तिनं तुला ऐकलेलं अक्षर दिलं. मराठी वाचणाऱ्या कोणालाही विचार, पुडे म्हणजे वाण्याकडे बांधून मिळतात ते. यंदा संघ पुडे. मला हसू आलं. नंदिनीनं विचारलं काय झालं, मी सांगितलं, आणि मग ती इतकी हसली की शेजारच्या बाई डोकावल्या, आणि सणाच्या दिवशी मामा-भाची रडताहेत असं समजून परत गेल्या. तसंही होतं.

ढ शिकवायचं काम माझं होतं. पाटी माझ्याकडे होती.

मग मी निकाल वाचला. मोठ्यानं, नेहमीच्या गंभीर आवाजात. "यंदा संघ पुढे."

नंदिनीनं विचारलं, "आणि तो 'संघ' नसून 'संग' असेल तर?" मी म्हटलं, "तोही चालेल."

हातात पेन्सिल होती. ड ला ढ करणं अवघड नसतं; अप्पांनी मला शंभर वेळा करायला लावलं होतं. मी पेन्सिल खाली ठेवली.

काल पेपर आला. खेळाचं पान मी काढून घेतलं नाही. वेळापत्रक अजून आलेलं नाही. लेफ्ट बॅकच्या जागी आपला कोण खेळणार ते ठरलेलं नाही. तुझी शाल नंदिनीनं धुऊन मला दिली आहे, शिट्टी तिनं ठेवून घेतली. वही माझ्या टेबलावर, शब्दकोशाच्या वर आहे. तिच्यात पुढची बरीच पानं कोरी आहेत, आणि पहिल्या कोऱ्या पानावर मी तीन रकाने आखले आहेत.